उंचावरून उतरलेलीं माणसें

दिवाळी उलटून हवेंत थोडा गारवा आला, कीं नागपूर, पुणें, मुंबई अशा शहरांतून रस्त्याच्या कडेला लोंकरीचे कपडे मांडून बसलेलीं तिबेटी कुटुंबें दिसूं लागतात. स्वेटरच्या किंमतीची घासाघीस करणाऱ्या गृहिणीच्या मनांत असें क्वचितच येत असेल, कीं समोर बसलेल्या या बाईची आजी बारा हजार फूट उंचीच्या प्रदेशांतून खालीं उतरून आली होती, आणि त्या उतरण्याची जबर किंमत तिच्या पिढीनें मोजली होती.

उंच पर्वतावर चढणाऱ्या माणसाला काय होतें, हें पुष्कळांना ठाऊक असतें. बदरीकेदारची यात्रा करून आलेले वृद्ध किंवा विमानानें लेहला जाऊन आलेले हौशी प्रवासी तें चवीनें सांगतात : डोकें ठणकतें, चार पायऱ्या चढतां धाप लागते, रात्रीं झोंप म्हणून येत नाहीं. उलट दिशेचा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारीत नाहीं. चढणीला दम लागतो, उतरणीला काय लागतें, असा आपला नेहमींचा हिशेब. परंतु जीं माणसें पिढ्यान् पिढ्या पर्वतावरच जन्मलीं आणि वाढलीं, तीं एक दिवस सखल मुलखांत राहावयास आलीं, तर त्यांच्या प्रकृतीचें काय होतें, या प्रश्नाचें उत्तर दिसतें तितकें सोपें नाहीं. त्या उत्तरावर हजारों माणसांचें जगणें-मरणें अवलंबून राहिलें आहे.

प्रथम शरीराचा विचार करावा. समुद्रकांठीं असो वा ल्हासा शहरांत असो, हवेंतील प्राणवायूचा वांटा एकच असतो. शंभर भागांत सुमारें एकवीस. फरक पडतो तो हवेच्या दाबांत. ल्हासा सुमारें १२,००० फूट उंचीवर वसलें आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या दोन तृतीयांशांहूनही थोडा कमीच भरतो, आणि प्रत्येक श्वासाबरोबर छातींत शिरणारा प्राणवायुही त्याच मानानें घटतो. ही तूट भरून काढण्यासाठीं शरीर नाना युक्त्या योजतें. श्वास अधिक खोल आणि जलद होतो. मूत्रपिंडें एक संप्रेरक अधिक प्रमाणांत रक्तांत सोडतात, आणि त्याच्या प्रेरणेनें हाडांतील मज्जा तांबड्या पेशींची पैदास वाढविते. फुप्फुसांतील बारीक रोहिणींच्या भिंती जाड होतात व तेथील रक्ताचा दाब चढतो.

दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतावर या युक्त्यांचा कधीं कधीं अतिरेक झालेला दिसतो. पेरू देशांतील सेरो दे पास्को हें खाणींचें शहर १४,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे. तेथील कांहीं माणसांच्या रक्तांत तांबड्या पेशींची इतकी दाटी होते, कीं रक्त काकवीसारखें दाट होऊन बसतें. ओठ निळे पडतात, डोकें जड राहतें, कानांत आवाज होतात. लिमा येथील डॉक्टर कार्लोस मोंगे यांनीं १९२५ सालीं या विकाराचें वर्णन केलें, आणि आज तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. त्यावर खात्रीचा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे पर्वत सोडून खालीं येणें.

खालीं आल्यावर काय घडतें, हेंही शास्त्रज्ञांनीं बारकाईनें पाहिलें आहे. रक्तांतला प्राणवायु वाढतो, तसें तें संप्रेरक एकदम ओसरतें. तांबड्या पेशीचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें. तेव्हां नवी भर थांबली तरी जुन्या पेशी संपावयास तीन-चार महिने लागावेत, असाच कोणाचाही तर्क. परंतु सेरो दे पास्को येथील रहिवाशांना समुद्रकांठीं आणून केलेलें जें संशोधन २००१ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत निराळेंच दिसून आलें. पहिल्या कांहीं दिवसांतच त्यांच्या तांबड्या पेशी लक्षांत येण्याइतक्या घटल्या, आणि त्यांतही ज्या सर्वांत कोवळ्या त्याच आधीं मोडीत निघाल्या. पीक उदंड झालें म्हणजे शेतकरी पुढची पेरणी थांबवितो, हें समजण्यासारखें आहे. येथें शरीर नुकतीं उगवलेलीं रोपेंही उपटून टाकतें. हृदय व फुप्फुसें यांची चाल मात्र सावकाश बदलते. पेरूमधील डॉक्टरांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका पाहणींत, पर्वतावर जन्मलेल्या व नंतर दोन वर्षें समुद्रकांठीं राहिलेल्या माणसांच्या फुप्फुसांतील वाढलेला रक्तदाब उतरून सामान्य झालेला आढळला.

तिबेटी लोकांची गोष्ट याहूनही निराळी. त्यांच्या रक्तांत हिमोग्लोबिनचा तसा अतिरेक मुळांतच होत नाहीं. बारा हजार फुटांवर राहणाऱ्या तिबेटी माणसाचें रक्त बरेंचसें सखल प्रदेशांतल्या माणसाच्या रक्तासारखें असतें. त्यामागें एका जनुकाचें विशिष्ट रूप आहे, असें २०१० सालीं उजेडांत आलें. अँडीजमधील माणूस उंचीशीं झुंजतो. तिबेटी माणूस उंचीला सरावलेला, किंबहुना तिच्यासाठींच घडलेला आहे. त्यामुळें खालीं आल्यावर त्याच्या रक्ताला फारसें कांहीं मोडून टाकावें लागत नाहीं.

एवढ्यावरून पाहिलें, तर उतरणें हें शरीराला सुखाचेंच ठरतें. छातीला पोटभर हवा मिळते, हृदयाचा भार हलका होतो, झोंप गाढ लागते. बाळंतिणींचीं मुलेंही सखल प्रदेशांत वजनानें अधिक भरतात. मग १९५९ सालीं हिमालय ओलांडून आलेलीं माणसें आसामच्या मैदानांत येऊन आजारी कां पडलीं?

त्या वर्षींच्या मार्च महिन्यांत ल्हासा येथें उठाव झाला. १७ मार्चला दलाई लामा यांनीं ल्हासा सोडलें आणि ३१ मार्चला ते भारताच्या सरहद्दींत आले. त्यांच्या मागोमाग, पुढील कांहीं काळांत, सुमारें ८०,००० माणसें डोंगर उतरून भारत, नेपाळ व भूतान या देशांत आलीं असें सांगतात. आसामांत तेजपूरपासून जवळ मिसामारी येथें सरकारनें बांबूच्या झोपड्यांची छावणी घाईघाईनें उभारली. देणाऱ्याच्या मनांत दया होती, घेणाऱ्याच्या मनांत कृतज्ञता होती; परंतु दिवस मे-जूनचे होते आणि स्थळ ब्रह्मपुत्रेचें खोरें होतें.

या माणसांच्या अंगावर लोंकरीचे जाड झगे व कातड्याचे बूट होते, आणि दुसरे कपडे पुष्कळांपाशीं नव्हतेच. ज्या मुलखांत वर्षांतले बहुतेक दिवस अंग उबदार ठेवणें हीच चिंता, तेथें उकाडा ही गोष्ट ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. उष्णतेची संवय शरीराला होत नाहीं असें नाहीं. कोणत्याही निरोगी माणसाला दहा-पंधरा दिवस सांभाळून उन्हांत वावरूं दिलें, तर घाम लवकर सुटूं लागतो, घामांतून जाणारें मीठ कमी होतें, रक्तांतील पाण्याचा अंश वाढतो. परंतु त्यासाठीं सावली, भरपूर पाणी, सैल सुती वस्त्र व विश्रांति एवढ्या गोष्टी तरी लागतात. महिनोन् महिने पायीं चालून, उपाशीपोटीं, भीतीच्या सावटाखालीं आलेल्या माणसाला यांतलें काय मिळालें असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

अन्नाचीही तीच गत. तिबेटी माणसाचें रोजचें अन्न म्हणजे भाजलेल्या जवाचें पीठ, आपल्या सातूच्या पिठाची सख्खी बहीण, आणि लोणी व मीठ घालून घुसळलेला चहा. सुकविलेलें मांस तेथील कोरड्या, थंड हवेंत महिनोन् महिने टिकतें. मैदानांतल्या दमट उकाड्यांत तेंच मांस दोन दिवसांत नासतें. पण पिढ्यान् पिढ्यांची संवय त्याला टाकाऊ मानावयास तयार नसते. पाण्याचें तर विचारूंच नये. डोंगरावर वाहतें पाणी ओंजळीनें प्यावें हा परिपाठ. छावणींतलें पाणी हजारों माणसांच्या वापरांतलें. अतिसार व आंव यांनीं लहान मुलें व म्हातारीं माणसें यांना आधीं गांठलें. त्यांच्या बरोबर गोंवर आला, हिंवताप आला, आणि सर्वांच्या मागून पण सर्वांत चिवटपणानें क्षय आला.

येथें थोडें थांबून या रोगांचें मूळ पाहिलें पाहिजे, कारण सगळ्या विषयाची गुरुकिल्ली तेथेंच आहे. डांसाच्या पोटांत हिंवतापाच्या जंतूंची वाढ होते, हें रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबाद येथें दाखवून दिलें. या वाढीला ऊब लागते. हिंवतापाचा जो सर्वांत घातक प्रकार आहे, त्याचे जंतु सुमारें १८ अंश सेंटिग्रेडच्या खालच्या हवेंत डांसाच्या अंगांत पूर्णपणें वाढूंच शकत नाहींत. म्हणून उंच पर्वतावर हिंवताप नसतो. आणि नसतो म्हणूनच तेथील माणसाच्या अंगीं त्याला तोंड देण्याची शक्ति आलेली नसते. हिंवतापाच्या मुलखांत वाढलेला माणूस बालपणींच अनेकदां तापानें फणफणून, जगला वांचला तर, थोडाफार निर्ढावतो. पर्वतावरून उतरलेला चाळिशीचा धट्टाकट्टा गडी मात्र या रोगाच्या दृष्टीनें तान्हें मूलच असतो. गोंवराचेंही असेंच. तो रोग टिकून राहण्यास माणसांची मोठी वस्ती लागते. दूरदूर विखुरलेल्या वाड्यांतून तो वर्षानुवर्षें फिरकत नाहीं, आणि मग एके दिवशीं छावणीच्या गर्दींत लहानथोर सर्वांना एकदमच गांठतो.

क्षयाची कथा अधिक दुःखद आहे. मठांतील अभ्यासू भिक्षूंपैकीं सुमारें दीड हजारांना बंगालच्या उत्तरेस बक्सा येथें ठेवण्यांत आलें. भूतानच्या सीमेलगत डोंगरउतारावरचा हा जुना किल्ला इंग्रजी अमदानींत राजबंद्यांना कोंडण्यासाठीं वापरला जात असे. स्वातंत्र्यासाठीं झगडणाऱ्यांना जेथें डांबलें, तेथेंच परागंदा झालेल्या विद्वानांना आसरा मिळावा, हा इतिहासाचा एक विचित्र योग होय. किल्ल्याची उंची तीन हजार फुटांच्या आंतच, पाऊस मुसळधार, आणि इमारत तुरुंगाचीच असल्यामुळें हवा व उजेड बेताचाच. अशा खोल्यांतून दाटीवाटीनें बसून हे भिक्षु पाठांतर करीत, वादविवाद करीत, ग्रंथ हातांनीं लिहून काढीत. विद्या त्यांनीं जिवंत ठेवली यांत संशय नाहीं. परंतु क्षयाचे जंतु श्वासांतून, खोकल्यांतून, मोठ्यानें केलेल्या पठणांतूनही पसरतात. एका खोलींतला एक रोगी पुरतो. पुष्कळ भिक्षु तेथें क्षयानें आजारी पडले, आणि त्यांतील कित्येकांचा अंत तेथेंच झाला.

महाराष्ट्रांतील जुन्या पिढीला यांत एक उलटापालट जाणवेल. आपल्याकडे क्षयाचा रोगी म्हणजे त्याला पांचगणीला न्यावयाचें, उंचावरच्या कोरड्या हवेंत ठेवावयाचें, हीच पूर्वीं रीत होती. ज्यांना तें परवडे त्यांची गोष्ट वेगळी आणि न परवडे त्यांची वेगळी. मग उंच हवेंतून खालीं आलेल्यास क्षय झाला, तर दोष खालच्या हवेलाच देणें ओघानें आलें. या समजुतींत तथ्याचा अंश नाहीं असें नव्हे. पेरूमधील पाहण्यांतूनही उंचावरच्या गांवीं क्षयाचा प्रसार कमी आढळला आहे. परंतु मद्रास येथें १९५६ सालीं सुरू झालेल्या एका प्रयोगानें या समजुतीला मोठा धक्का दिला. क्षयाच्या गरीब रोग्यांचे दोन गट करून एकाला आरोग्यधामांत ठेवलें व दुसऱ्याला त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच औषधें दिलीं. दोन्ही गटांतले रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणांत बरे झाले. गुण औषधाचा होता, हवेचा नव्हता. हा अहवाल प्रसिद्ध झाला तो १९५९ सालीं, म्हणजे मिसामारीची छावणी भरली त्याच वर्षीं.

उंचावरच्या माणसांनीं सखल मुलखाचें भय बाळगावें, हें मात्र पूर्वापार चालत आलें आहे, आणि त्यामागें अनुभव आहे. नेपाळांतील पहाडी लोक तराईच्या तापाला 'औलो' म्हणतात. तराईंत उतरावयाचें तें थंडीच्या तीन-चार महिन्यांत. मीठ, धान्य, कापड यांचा व्यापार उरकावयाचा. आणि उन्हाळ्याची चाहूल लागतांच पुन्हां डोंगर गांठावयाचा, असें त्यांचें वेळापत्रक होतें. जंतु ठाऊक नव्हते, डांसाची करणी ठाऊक नव्हती. ऋतु मात्र अचूक ठाऊक होता. त्याच तराईंत थारू जमातीचे लोक बारमहा सुखानें नांदत. याचें कारण त्यांच्या रक्तांतच आहे, असें १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसलें. हिमोग्लोबिनच्या घडणींतला एक वंशपरंपरागत फेर त्यांच्यांत जवळजवळ सर्वांच्या ठिकाणीं आढळतो, आणि त्यामुळें त्यांना हिंवतापाची बाधा शेजारच्या लोकांपेक्षां कितीतरी पटींनीं कमी होते. म्हणजे एकाच जमिनीवर, एकाच हवेंत, एक माणूस ठणठणीत आणि दुसरा अंथरुणावर. पुढें १९५० नंतरच्या दशकांत राप्ती नदीच्या खोऱ्यांत डी. डी. टी. ची फवारणी झाली, डांस हटले, आणि पहाडी लोक थव्याथव्यांनीं खालीं उतरले. २०११ च्या खानेसुमारींत नेपाळची निम्म्याहून किंचित् अधिक वस्ती तराईंत मोजली गेली. हवा तीच, उकाडा तोच. गेला तो केवळ डांस.

अँडीजमधील इंका राजांची राजनीति या बाबतींत विशेष कौतुकास्पद म्हणावी लागेल. राज्याच्या सोयीसाठीं ते गांवेंच्या गांवें उठवून दुसरीकडे वसवीत. परंतु थंड मुलखांतल्या लोकांना थंड मुलखांत आणि उष्ण मुलखांतल्यांना उष्ण मुलखांतच न्यावयाचें, असा त्यांचा दंडक होता, असें सोळाव्या शतकांतील स्पॅनिश बखरकार सिएझा दे लेऑन यानें नमूद केलें आहे. त्यांच्यानंतर आलेल्या स्पॅनिश धन्यांनीं तो दंडक धाब्यावर बसविला. पूर्वेकडच्या उष्ण उतारावरील कोकाच्या मळ्यांत डोंगरावरचे मजूर नेले, आणि तेथें त्यांचीं नाकें झडविणारा एक भयंकर व्रणरोग त्यांना जडला. चिलटासारख्या एका माशीच्या चावण्यानें तो होतो, हें आतां ठाऊक आहे. स्पेनच्या राजानें थंड प्रदेशांतील मूळ रहिवाशांना उलट हवामानांत नेऊं नये असा निर्बंध घातला; १६८० च्या संकलित कायद्यांत तो छापलेलाही आहे. कायदा ग्रंथांत राहिला आणि मजूर मळ्यांत मेले.

याच इतिहासाचा आधार घेऊन डॉक्टर मोंगे यांनीं एक सिद्धान्त मांडला. पर्वतावरचा माणूस हा शरीरानें निराळाच घडलेला असतो, आणि सखल प्रदेशाचें हवामान त्याच्यावर एक प्रकारें हल्लाच चढवितें, असें त्यांचें म्हणणें. १९४८ सालीं इंग्रजींत निघालेल्या त्यांच्या ग्रंथांत हा विचार विस्तारानें आला आहे. मोंगे यांची थोरवी वादातीत आहे, आणि आपल्या देशबांधवांविषयींचा त्यांचा कळवळाही खरा. परंतु या ठिकाणीं त्यांच्याशीं सहमत होणें कठीण जातें. समुद्रकांठच्या ऊंस-कापसाच्या मळ्यांत मरणारा मजूर हवेनें मेला असें एकदां ठरविलें, म्हणजे मळ्याच्या मालकावर कसलीच जबाबदारी उरत नाहीं. मच्छरदाणी कां नव्हती, बारा माणसें एका खोपटांत कां होतीं, पोटाला काय मिळत होतें, हे प्रश्न मग कोणी विचारीत नाहीं. हवा कोणाला बदलतां येत नाहीं. खोपट बदलतां येतें.

तिबेटी निर्वासितांच्या पुढील हकीकतींतून हेंच दिसून येतें. मैदानांतली दुर्दशा पाहून सरकारनें पुष्कळांना सिक्कीम, हिमाचल अशा थंड डोंगराळ भागांत रस्ते बांधण्याच्या कामावर पाठविलें. हवा मानवली. परंतु तंबूंतलें राहणें, दगड फोडण्याची मजुरी आणि रस्त्याच्या कडेला धुळींत वाढणारीं मुलें. त्यांचे हाल थंड हवेंतही चुकले नाहींत. १९६० च्या मे महिन्यांत अशाच कामावरच्या मजुरांचीं ५१ मुलें धरमशाला येथें आणलीं गेलीं. तीं आजारी व अन्नावांचून खंगलेलीं होतीं. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनीं त्यांचा सांभाळ पत्करला, आणि त्यांतूनच पुढें मुलांची मोठी संस्था उभी राहिली.

त्याच सुमारास म्हैसूर राज्यांत बैलकुप्पे येथें जंगल तोडून पहिली मोठी वसाहत वसूं लागली. समुद्रसपाटीपासून २,७०० फुटांच्या आसपासची ही जागा, हवा समशीतोष्ण. प्रारंभीं तेथेंही उकाड्यानें व तापानें माणसें बेजार झालीं. पण या ठिकाणीं घरें झालीं, विहिरी झाल्या, दवाखाना झाला, मक्याचीं शेतें पिकूं लागलीं, आणि वसाहत तग धरून राहिली. बक्सा येथील भिक्षुही पुढें बैलकुप्पे व मुंडगोड येथें नेण्यांत आले. १९७२ सालीं महाराष्ट्रांत, तेव्हांच्या भंडारा जिल्ह्यांत व आतांच्या गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी मोरगांव भागांत 'नोर्ग्येलिंग' ही वसाहत झाली. विदर्भाचा वैशाख ज्यांनीं अनुभवला आहे, त्यांना या वसाहतीची वेगळी महती सांगावयास नको. ल्हासाच्या माणसासाठीं हवामानाच्या दृष्टीनें याहून उलटी जागा शोधून सांपडावयाची नाहीं. आणि तरीही तेथें कुटुंबें नांदलीं, मुलें शिकलीं. मिसामारीचें हवामान तेथें आहे, किंबहुना उन्हाळा त्याहून कडक आहे. मिसामारीची छावणी तेथें नाहीं.

क्षय मात्र सहजासहजीं हटला नाहीं. एकदां छावण्यांतून पसरलेले जंतु पुढें मठांतून व वसतिगृहांतून पिढीदरपिढी फिरत राहिले. धरमशालेचें डेलेक रुग्णालय १९७१ पासून त्यांच्याशीं झुंजत आलें आहे. २०१७ सालीं त्यांनीं परदेशी तज्ज्ञांच्या साहाय्यानें पांच हजारांहून अधिक शाळकरी मुलांची तपासणी केली. ज्यांना रोग होता त्यांना औषध दिलें आणि ज्यांच्या अंगांत जंतु केवळ दडून होते त्यांनाही प्रतिबंधक औषध देऊं केलें. पुढच्या वर्षीं त्या शाळांतून रोगाचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. हिमालयाच्या थंड हवेंतली धरमशाला आणि तरीही तेथें क्षय : एवढ्यावरूनच हवेचा वांटा किती, हें लक्षांत यावें.

येथवर सांगितले ते रोग नव्या पाहुण्याला गांठणारे. जे जुने होऊन स्थिरावतात, त्यांची वाट निराळे रोग पाहत असतात. पेरूच्या आयाकुचो प्रांतांत १९८० पासून यादवीचा वणवा पेटला व डोंगरांतलीं असंख्य कुटुंबें लिमाच्या उपनगरांत आलीं. २००७ च्या सुमारास केलेल्या पाहणींत, गांवींच राहिलेल्यांत फाजील लठ्ठपणा शंभरांत तिघांना आढळला. गांवाहून लिमास आलेल्यांत विसांना. आणि लिमांतच जन्मलेल्यांत तेहतिसांना. मधुमेहाचाही चढता क्रम असाच. चढउतारावर ओझें वाहणारे पाय बसमध्यें बसूं लागले, बटाटा व धान्य यांच्या जागीं साखर व तळण आलें. तिबेटी घरांत आणखी एक गोष्ट आहे : तो खारा चहा. थंडींत तो उपकारक वाटो. पण इतकें मीठ रक्तदाबाला कोठेंच मानवत नाहीं, आणि मैदानांत आल्यावर ल्हासाचें थंड वारें गेलें तरी पेला मात्र सुटत नाहीं.

कांहीं रोग मात्र वरच राहून जातात, हेंही सांगितलें पाहिजे. हिमालयाच्या माती-पाण्यांतून आयोडीन वाहून गेलेलें असतें, म्हणून तेथें गलगंड फार. ज्या कांग्रा खोऱ्यांत धरमशाला आहे, तेथेंच डॉक्टर रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग करून हा रोग हटवितां येतो हें सिद्ध केलें. बाजारांतलें तें मीठ खाणाऱ्या नातवंडांच्या गळ्याशीं आजीसारखी गांठ आतां सहसा दिसत नाहीं.

शेवटीं, उतरलेल्या माणसाला कधीं ना कधीं परत वर जावेंसें वाटतेंच, आणि येथें एक धोका दबा धरून बसलेला असतो. लिमाचे डॉक्टर आल्बेर्तो उर्तादो यांनीं १९३७ सालीं एका डोंगरी माणसाची हकीकत लिहून ठेवली : लिमाला राहून तो आपल्या उंच गांवीं परतला आणि त्याच्या फुप्फुसांत पाणी भरलें. जन्मभर ज्या उंचीवर श्वास घेतला, तीच उंची त्याला परकी झाली होती. याचा उलगडा बराचसा असा होतो : पर्वतावर वाढलेल्याच्या फुप्फुसांतील रोहिणींच्या जाड भिंती कांहीं आठवड्यांत पातळ होत नाहींत, विरळ हवेंत परत शिरतांच त्या जोरानें, पण ठिकठिकाणीं कमीजास्त आकसतात, आणि जेथें दाब बेसुमार होतो तेथून पाणी झिरपूं लागतें. रक्तांतली जादा पेशींची शिबंदी तर आधींच बरखास्त झालेली असते. लहान मुलें व तरुण यांना हा धोका अधिक. लडाखांतून शिक्षणासाठीं चंदिगड, दिल्ली, पुणें येथें आलेलीं मुलें सुट्टींत विमानानें दोन तासांत साडेअकरा हजार फुटांवरच्या लेहला पोंचतात. घर आपलें, हवा आपली, म्हणून त्याच सायंकाळीं मैदानांत चेंडू खेळावयास निघतात. त्यांनींही परक्या प्रवाशाप्रमाणेंच पहिले दोन दिवस घरांत स्वस्थ राहावें, आणि धांवपळ त्यानंतर करावी. खोकला, बसल्या जागीं लागणारी धाप, थुंकींतला गुलाबी फेंस, यांपैकीं कांहीं दिसलें, तर हा सर्दीपडशाचा प्रकार समजून काढा देत बसूं नये. प्राणवायु द्यावा, तो जवळ नसेल तर रात्र उलटण्याची वाट न पाहतां रोग्याला खालीं आणावें.